दोन नळ्यांमधला फरक

भाऊजी, तुमचं निदान बरोबर होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण लांबण लावायची सवय तुमची, माझी नाही. गाडीचा गिअरबॉक्स ठणठणीत आहे. दुखणं कूलरचंच होतं, आणि कूलरही फुटला-बिटला नव्हता, त्याचं नाक चोंदलं होतं. कोणी चोंदवलं तेही सापडलं. तिकडे येतेच, पण आधी माझ्या वाटणीचं बोलून घेते.

तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले. शोकसभेत लोक तुमच्याबद्दल भरभरून बोलले. ‘देवमाणूस’ हा शब्द अकरा वेळा आला. मोजायची सवय आहे, मोजला. तुम्ही देवमाणूस नव्हता, भाऊजी. देव ‘संध्याकाळी सहाला गाडी देतो’ असं सांगून तिसऱ्या दिवशी देत नाही. आडगाव नाक्यावरच्या तुमच्या गॅरेजात बसून निम्मं नाशिक त्या सहा वाजण्याची वाट बघत म्हातारं झालं. तरी लोक दुसरीकडे गेले नाहीत, कारण तिसऱ्या दिवशी जी गाडी मिळायची ती पुन्हा त्याच कारणासाठी परत यायची नाही. सभेत एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. माझं बोलणं तुमच्याशी राहिलं होतं, सभेशी नाही.

लग्न होऊन कळवणहून नाशकात आले तेव्हा तुम्ही, माझे एकुलते एक दीर, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतात. सासूबाईंनी मला पुरणपोळी शिकवली त्याच्या आधी तुम्ही क्लच शिकवला. पेठ रस्त्याच्या बाजूला तेव्हा मोकळी मैदानं होती. कोणाची तरी दुरुस्तीला आलेली जीप तुम्ही घेऊन यायचात, मालकाला न सांगता, आणि शेजारी बसून शेंगदाणे खायचात. मी गिअर खरडला की दाणे चावणं थांबायचं. मग एकदा म्हणालात, “वहिनी, गाडी काय म्हणते ते आधी ऐका. तुमचं काय म्हणणं आहे ते तिला मागून सांगा.” पुढे मी अंबडला कारखान्यात लागले, क्वालिटी विभागात एवढी वर्षं काढली, कितीतरी साहेब आले आणि गेले. त्यांच्यातल्या एकाही साहेबाने मला याहून उपयोगाचं काही सांगितलं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही ते गिऱ्हाइकांना वर्षभर ऐकवलं असतंत.

आपला वादही तेव्हापासूनचाच. मी मोजणारी, तुम्ही हात लावून बघणारे. दिवाळीला मी चकलीच्या तेलात थर्मामीटर धरून बसायची आणि तुम्ही येता-जाता पिठाची गोळी टाकून सांगायचात, “झालं की तेल. सोडा.” थर्मामीटरही तेच सांगायचं, पण अर्ध्या मिनिटाने. त्या अर्ध्या मिनिटावर तुम्ही तीस दिवाळ्या काढल्यात. मी म्हणायची, हाताला दररोज वेगळं वाटू शकतं, आकडा बदलत नाही. तुम्ही म्हणायचात, आकडा बदलत नाही म्हणूनच त्याला काही कळत नाही. तुमचे दादा, म्हणजे माझे यजमान, दोघांकडे बघून चकली उचलायचे आणि बाहेर निघून जायचे.

डावा गुडघा गेला तेव्हा मला ऑटोमॅटिक गाडी घ्यावी लागली. क्लचच नको. तुम्हाला ते अजिबात पटलं नव्हतं. “गिअर टाकायचा नसेल तर चालवता कशाला, मागे बसा आणि फुलं घाला केसात.” पण जुन्या गाड्यांच्या बाजारात चार रविवार तुम्हीच फिरलात. सतरा गाड्या नाकारून अठरावी आणलीत, आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणालात, “या गाडीत डाव्या पायाला सुट्टी आहे. महिन्यातून दोनदा आईकडे जात चला.” आईचं वय ऐंशीच्या पुढे, एकटी कळवणला, आणि एसटीच्या पायऱ्या मला चढवत नव्हत्या. हे मी कोणाला बोलले नव्हते. तुम्ही बघितलं असणार.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तुम्ही गाडीच्या तोंडाला झेंडूचा हार बांधलात. तुमच्या शोभाचं माहेर मखमलाबादचं, फुलांची शेती, त्यामुळे टोपलीने झेंडू यायचा. हार ओवायचा बाइंडिंगच्या तारेत आणि जाळीला बांधायचाही तारेनेच. तीन पीळ, आणि तारेचं टोक आत वळवलेलं, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. दोऱ्याचे हार आठवड्यात गळून जातात. तुमचा दिवाळी उलटली तरी तसाच. फुलं वाळून काळी पडायची. मी म्हणायची, “काढा हो आता, गाडी सतीसारखी दिसते.” तुम्ही म्हणायचात, “पूजेचा हार तोडू नये. आपोआप पडेल.” आणि तो पडायचा, थोडा थोडा, वाऱ्याने. कुठे पडतो हे मी बघितलं नाही. तुम्हीही नाही. असे सहा दसरे झाले.

आता यंदाच्या चैत्रातलं. कळवणहून परत येताना नांदुरीच्या बाजूच्या चढाला गाडी ओढेना. इंजिन ओरडतंय, काटा वर चाललाय, आणि गाडी बैलासारखी उभी. कशीबशी रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी लावली. रस प्यायले, पुन्हा चालू केली तर काही झालंच नाही अशी निघाली. घरी आल्यावर तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, “किती वेळ थांबला होतात?”

“दोन ग्लास रस.”

“बर्फाचा?”

“त्याचा काय संबंध?”

“बर्फाचा असेल तर बाई हळू पिते. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. वहिनी, विश्रांती घेऊन बरं होतं ते मोडलेलं नसतं. हाड मोडलं तर बसून जुळतं का? हा ताप आहे. तेल तापतंय.”

मग रविवारी आपण दोघं मुद्दाम गाडी तापवायला पेठ रस्त्याच्या घाटात गेलो. तुम्ही वाटेत समजावलंत, आणि चांगलं समजावलंत. ऑटोमॅटिकचं सगळं काम तेलावर चालतं. ते तापतं, म्हणून एका नळीने पुढे जातं, रेडिएटरच्या समोर एक लहान जाळीदार कूलर असतो त्यातून फिरतं, वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. जाणारी नळी गरम हवी, येणारी तिच्याहून थंड. एक कढत आणि दुसरी अगदीच गार असेल तर कूलर आतून तुंबलाय. दोन्ही सारख्याच कढत असतील तर तेल फिरतंय पण निवत नाहीये. मी मनात म्हटलं, हे तर मोजण्यासारखं आहे. आणि पर्समधून कारखान्यातली तापमानाची बंदूक काढली. साथीच्या दिवसांत दारोदार कपाळावर धरायचे तशीच, फक्त यंत्रांसाठीची.

घाटमाथ्यावर गाडी लावली. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि माझ्याकडे पाठ करून वाकलात. मला राग आला होता त्याचाही, की मला दिसेल असं का करत नाही. तुम्ही सरळ झालात. “दोन्ही सारख्याच आहेत. वारा लागत नाहीये त्याला. बंपर खोलून बघू.”

मी बंदूक धरली. “जाणारी अठ्ठ्याण्णव. येणारी एकसष्ट. सदतीस अंशांनी उतरतंय, भाऊजी. कूलर उत्तम आहे. बिघाड आत आहे, गिअरबॉक्समध्ये.”

“परत धरा.”

धरली. एकसष्ट.

“मग ती बंदूक चुकतेय.”

“मागच्याच महिन्यात तपासून आलीय. सर्टिफिकेट आहे.”

“हाताला दोन्ही सारख्या लागल्या, वहिनी.”

आणि मग मी ते बोलले. “कुठल्या हाताला? साखरेने बोटं बधिर झालीत तुमची. परवा शोभाने उकळता चहा हातात दिला तर तुम्हाला कळलं नाही. त्या बोटांच्या भरवशावर मी गाडी ठेवू?”

तुम्ही बोटांकडे बघितलंत. फडक्याला पुसलीत, एकेक करून. बॉनेट लावलंत. म्हणालात, “बरं. तुम्ही म्हणता तसं.”

तीस वर्षांत तुम्ही मला कधी ‘तुम्ही म्हणता तसं’ म्हणाला नव्हतात. मी ते जिंकल्यासारखं घेतलं. घाट उतरताना एरवी प्रत्येक वळणाला तुमची सूचना असायची, त्या दिवशी एक नाही. मखमलाबाद नाक्याला उतरलात, मेहुण्याकडे जायचंय म्हणून.

मंगळवारी मी तुम्हाला न सांगता गाडी हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेचं ऑफिस, कॉम्प्युटर लावून तपासणी. त्यांना मी माझेच दोन आकडे सांगितले, तेही माझ्यासारखेच आकड्यावर विश्वास ठेवणारे निघाले. गिअरबॉक्स पूर्ण बदला, म्हणाले, मागवायला महिना लागेल. मी सही करून आले.

शुक्रवारी तुम्ही आमच्याकडे आला होतात. पाण्याचा टँकर आला तेव्हा आमची गाडी बाजूला घ्यायला तुम्ही खाली गेलात. मी गॅलरीत होते. तुम्ही दार उघडलंत आणि थांबलात. त्या वर्कशॉपवाल्यांनी पायाखाली घातलेला कागद तसाच होता, त्यांच्या नावाचा, मोठ्या अक्षरांत. मी काढायला विसरले होते. तुम्ही तो उचललात, चार घड्या घातल्यात, मागच्या सीटच्या खिशात ठेवलात. गाडी बाजूला लावलीत. मग वर बघून म्हणालात, “वहिनी, पुढच्या डाव्या टायरात हवा कमी आहे.” बस्स. मी ‘हो, भरते’ म्हटलं.

आपलं शेवटचं बोलणं ते. टायरातल्या हवेचं. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी गॅरेजचं शटर उघडून तुम्ही खुर्चीत बसलात, चहा मागवलात, आणि चहा यायच्या आत गेलात. डॉक्टर म्हणाले, काही करण्यासारखा वेळच नव्हता. तुम्हाला उगाच ताटकळलेलं कधी आवडलं नाही, गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी.

रडणं वगैरे झालं. मी त्यात कमी पडले असं शोभाच्या मावशींचं मत आहे. रामकुंडावर दहाव्याला मी गाड्या कुठे लावायच्या ते बघत होते, कारण ते कोणीतरी बघायला लागतं. पण सगळं चालू असताना डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते माझंच होतं. त्या बोटांच्या भरवशावर. माणसाने आयुष्यभर ज्या हातावर घर चालवलं, त्या हाताबद्दल मी त्याला जाता जाता ते सुनावलं. आकडा खरा होता म्हणून माझं बोलणं बरोबर होतं, अशी मनाची समजूत घालत होते. बरोबर असलं तरी ते बोलायचं नव्हतं, एवढं कळत होतं.

मग सतराव्या दिवशी तेवढंही राहिलं नाही.

मी कामावर गेले होते. आमच्याकडे दुसऱ्या विभागातून एक इन्स्पेक्टर बाई नव्याने बदलून आल्यात. त्या पॉलिश केलेल्या शाफ्टवर बंदूक धरून आकडा लिहीत होत्या. मी सवयीने म्हटलं, “बाई, चकचकीत धातूवर असं मोजू नका. तो उष्णता बाहेर कमी दाखवतो, आकडा खोटा येतो. आधी काळी टेप चिकटवा आणि टेपवर…” आणि माझं वाक्य तिथेच राहिलं.

जाणारी नळी जिथे मी मोजली तिथे काळं रबर होतं, भाऊजी. येणारी नळी ॲल्युमिनियमची. चकचकीत. घाटात जायच्या पंधरा दिवस आधी तुम्हीच पुसून लख्ख केलेली. हा धडा मी दरवर्षी नव्या माणसांना पहिल्या आठवड्यात शिकवते. त्यावर प्रश्न काढते. चुकलं तर गुण कापते.

बाई विचारत होत्या, “मॅडम, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. टेप द्या जरा.”

संध्याकाळी गुडघा दुखत असताना एकटी पेठ रस्त्याच्या घाटात गेले. तिथेच गाडी लावली. नळीवर टेप चिकटवली, थोडी थांबले, बंदूक धरली. जाणारी सत्त्याण्णव. येणारी पंच्याण्णव. दोन अंश. दोन अंश म्हणजे सारख्याच.

मी तिथे किती वेळ उभी होते ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि गाडी तुमच्या गॅरेजसमोर आणली. शटर बंद. शेजारी इरफानभाईंचं रेडिएटरचं दुकान उघडं होतं. तुमचे शेजारी, मूळचे मालेगावचे, वीस वर्षं रोज सकाळी तुमच्याकडून पेपर घेऊन न वाचता परत देणारे. मी काय हवंय ते सांगितलं. ते म्हणाले, “भाभी, उस्ताद मुझे बोलके गये थे. वहिनी येतील, बंपर खोलून दे. मैं बोला कब? तर म्हणाले, येतील, जरा घुश्शात आहेत.”

ऐकलंत? तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतंत. कागदाच्या चार घड्या घालून झाल्यावर.

बंपर निघाला. इरफानभाई बॅटरी घेऊन वाकले आणि तसेच राहिले. मग म्हणाले, “या अल्ला. भाभी, हे बघा. अंदर तो पूरा झेंडू का खेत है.”

कूलर आणि त्याच्या मागच्या जाळीच्या मध्ये बोटभर जाडीचा थर होता. काळा, दाबून बसलेला, धूळ आणि तेलकटपणा धरून गोधडीसारखा झालेला. इरफानभाईंनी स्क्रूड्रायव्हरने एक तुकडा उचकटला तर आतल्या बाजूला अजून केशरी. पाकळ्या. सहा दसऱ्यांच्या. आणि त्यात तारेचे तुकडे. तीन पीळ, टोक आत वळवलेलं.

मी हसायला लागले, भाऊजी. रस्त्यावर, फुटपाथवर बसून. इरफानभाई आधी घाबरले, मग त्यांनाही हसू आवरेना. “उस्ताद ने खुद की गाडी कभी बंद नहीं की, भाभी की बंद कर दी. वो भी पूजा करके.” तुमचा हात बरोबर होता आणि गुन्हाही तुमच्याच हाताचा होता. यावर आपण किती भांडलो असतो. तुम्ही म्हणाला असतात, हार मी बांधला पण काढायचं तुमच्याकडे होतं. मी म्हटलं असतं, तोडू नये कोण म्हणायचं? पुढचे सहा दसरे तरी पुरलं असतं ते.

इरफानभाईंनी कूलर काढला, पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरली. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं आम्ही दोघं वाकून बघत होतो. एक बुडबुडा नाही. “जिंदा है,” ते म्हणाले. गिअरबॉक्सचं तेल मात्र करपलं होतं, भाजलेल्या दाण्यांसारखा वास. ते सगळं बदललं. आत थोडी झीज झाली असणार, ती किती हे पुढे कळेल. तुम्हाला खोटं आश्वासन देत नाही.

तेवढ्यात शोभा चहा घेऊन वरून खाली आली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच ती गॅरेजपाशी उतरली होती. तिला मी सगळं सांगितलं. पाकळ्यांचं, आणि मग बोटांचंही. मी काय बोलले ते शब्द न बदलता सांगितलं. तिने माझ्यासाठी पेल्यात चहा ओतला आणि म्हणाली, “ताई, बोटांना त्यांच्या खरंच कळत नव्हतं. दोन वर्षं झाली.”

“मग त्यांना कसं कळलं?”

तिने स्वतःचा हात उलटा करून मनगटाची आतली बाजू दाखवली. बाळाच्या दुधाचा थेंब टाकून बघतो ती जागा. “इथे लावायचे. इथे कळायचं त्यांना. सारखं भाजायचं. रोज मी तूप चोळायची. कोणाला सांगू नको म्हणायचे, गिऱ्हाइकाला कळलं तर गाडी कोण देईल. तुम्हाला तर नकोच म्हणाले होते. वहिनी आकडा लिहून ठेवतील, म्हणाले.”

मला ते डाग आठवले. मनगटाच्या आत, दोन-तीन, तपकिरी. मी एकदा विचारलंही होतं. तुम्ही सायलेन्सर लागला म्हणालात. आणि घाटात माझ्याकडे पाठ का केली होतीत, तेही समजलं. तुम्ही मला उलट उत्तर देऊ शकला असतात. ‘बोटं नाही, मनगट’ एवढं म्हटलं असतं तरी वाद तुमचा होता. पण मग बोटं गेली हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा तुम्ही हरलात. माझ्याकडून हरलात, आणि शेजाऱ्याला सांगून ठेवलंत की येतील, बंपर खोलून दे.

क्षमा वगैरे शब्द मला जमत नाहीत, तुम्हाला ऐकायला जमले नसते. तुम्ही विषय बदलून टायरच्या हवेवर आला असतात. म्हणून जे घडलं तेवढं नोंदवते. तुमच्या हाताला कळत होतं. मला मोजता येत असून मोजता आलं नाही. माझं वाक्य चुकीचं होतं, आकड्यानेही आणि माणुसकीनेही.

काल कळवणला जाऊन आले. जाताना आणि येताना, त्या चढाला गाडीने हूं की चूं केलं नाही. येताना मुद्दाम त्याच रसवंतीपाशी थांबले. रस सांगितला, बर्फ घालून. तो येईपर्यंत बॉनेट उघडलं. पर्समध्ये बंदूक होती, टेपही होती. त्या नाही काढल्या असं लिहिलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. काढल्या, पण नंतर. आधी बाही वर केली आणि मनगट लावलं. जाणाऱ्या नळीवर दोन म्हणायच्या आत हात मागे आला. येणाऱ्या नळीवर सातपर्यंत टेकला. मग बंदुकीने तेच सांगितलं, अर्ध्या मिनिटाने. रसवाली बाई बघत होती. म्हणाली, “ताई, गाडीला ताप आलाय का?” मी म्हटलं, “होता. उतरला.”

येत्या दसऱ्याला गाडीला हार बांधणार आहे. मखमलाबादच्याच झेंडूचा, तारेनेच, तीन पीळ आणि टोक आत. जुन्या तारेचे तुकडे माझ्या टूलकिटमध्ये आहेत, बघून करीन. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पक्कड घेऊन तोडणार. पूजेचा हार तोडला म्हणून वर कोणी रागावलं तर तुम्ही तिथे आहात, समजवा. संध्याकाळी सहाला समजावतो असं सांगू नका फक्त.

काल येताना, घरी जायच्या आधी शोभाला आईने दिलेली मेथी द्यायला थांबले. पिशवी पुढे केली तर तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. एक लांबट लाल वळ उठला होता.

“ताई, आता तुम्हीपण का?” एवढंच म्हणाली, आणि तुपाची वाटी आणायला आत गेली.

मी पिशवी खाली ठेवली, बाही वर सरकवली आणि हात पुढे करून बसले.